आधी एक पावसाळा बघ

परवा फोनवर तू मला यादी वाचून दाखवलीस. कौलं काढून स्लॅब, अंगणात पेव्हर ब्लॉक, मागच्या दारी हिरवळ, पुढे गडग्याला लागून नारळाची दहा रोपं, आणि हे सगळं मे महिन्याच्या सुट्टीत. मी नुसतं हूं हूं केलं, कारण शेजारी जावईबापू ऐकत होते आणि नव्या माणसाच्या उत्साहावर पहिल्याच दिवशी विरजण घालू नये. आता तुझ्या एकटीच्या कानात सांगते. घर तुझ्या नावावर झालंय, तेव्हा करायचं ते तूच ठरव. पण पन्नास वर्षं या दापोलीच्या पावसात हे घर मी उभं ठेवलंय. गवंडी, सुतार, वानर आणि वाळवी यांच्याशी भांडून झालंय माझं.

पहिली गोष्ट ही की यातलं काहीही करायच्या आधी एक अख्खा पावसाळा या घराचा बघ. सलग राहायला जमणार नाही, ठाऊक आहे. मृगात चार दिवस ये, आषाढात चार, गणपतीला तर येशीलच. पाऊस ऐन जोरात असताना छत्री घेऊन घराभोवती फेरी घाल. हातात कोळशाचा तुकडा ठेव. पाणी कुठे भिंतीला लागतं, कुठे तुंबतं, कुठून जोत्याशी येतं, तिथे खूण करायची आणि शेजारी तारीख घालायची. मग बॅटरी घेऊन माळ्यावर चढायचं. कुठला वासा ओला आहे, कुठली रीप काळी पडलीय, ते बघायचं. आणि एक लक्षात ठेव, थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. पाणी वाशावरून घरंगळत दोन-दोन हात खाली येतं आणि मग टपकतं. भोक शोधायचं ते चढाच्या बाजूला, थेंबाच्या वर. ही कोळशाची युक्ती तुझ्या आजीची. तिला लिहिता येत नव्हतं, ती नुसत्या रेघा ओढायची. एक रेघ म्हणजे एक गळती. माजघराच्या भिंतीवर त्या रेघा अजून असतील, चुन्याखाली.

आता छपराचं. स्लॅब घालू नको असं मी म्हणत नाही, पण का घालतेस ते आधी मला सांग. कौलं गळतात म्हणून घालत असशील, तर स्लॅबही गळतो, फक्त तो कुठून गळतो ते कळत नाही. फुटलेलं कौल मी शिडी लावून बदलून घेते. स्लॅबमधली गळती शोधायला पुण्याहून माणूस आणावा लागतो आणि तोही अंदाजच बांधतो. वानरांमुळे म्हणत असशील तर ते मात्र मला पटतं. वानरांवर माझ्याकडे उपाय नाही. फटाके, गोफण, वाघाचं चित्र, सगळं करून झालं. वानरं चार दिवस बिचकतात आणि पाचव्या दिवशी चित्राशेजारी बसून आंबा खातात. वाडीतल्या निम्म्या घरांनी कौलं उतरवून पत्रे घातले ते याच त्रासापायी, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पत्र्याखाली चैत्रात दुपारी बसून बघ, आणि आषाढात त्याच्याखाली शेजारच्या माणसाशी बोलून बघ.

कौलं ठेवायची ठरवलंस तर रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या अलीकडे, शाकारणी उरकायची. मृगाची वाट बघत बसायचं नाही. सगळी कौलं दरवर्षी उतरवायची गरज नसते. पातेरा झाडायचा, सरकलेली सारखी करायची, फुटकी बदलायची. फुटक्या कौलावर सिमेंटचा लपका कधी मारू देऊ नको. तो उन्हात सुटतो, पाणी त्याच्याखाली अडतं आणि रीप कुजते. वर चढणाऱ्याला सांग, पाय कौलाच्या मधोमध नाही द्यायचा, जिथे एकावर एक कौल बसतं आणि खाली वासा असतो तिथे द्यायचा. ओल्या कौलावर तर कुणालाच चढवायचं नाही, मग घरात धार लागली तरी चालेल. खाली घंगाळ ठेव आणि उघडीप बघ.

आणि मंगळुरी कौल विकत घ्यायला जाशील तेव्हा जुनं एक कौल पिशवीत घालून ने. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली कारखाना काढला, त्यानंतर त्या किनाऱ्यावर किती कारखाने निघाले आणि मिटले त्याला गणती नाही. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. कौल उलटं केलंस की पाठीवर कारखान्याचं नाव उठलेलं दिसतं. दिसायला सारखी असली तरी एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही, आणि बळेच बसवली तर ती ओळच्या ओळ गळते. मी एकदा ट्रकभर स्वस्त कौलं घेतली होती. ती आज गोठ्यावर आहेत. घरावर बसलीच नाहीत.

भिंतीबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण तिथे मी स्वतः आपटलेय.

आपलं घर जांभ्याचं. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन म्हणून एक इंग्रजांचा डॉक्टर १८०० साली मलबारात हेच बघून चकित झाला होता. तिकडचे लोक हा दगड विटेसारखा कापून वापरतात म्हणून त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. शाळेत शिकवायचे मी हे. तेव्हा नवीन न्हाणीघरासाठी चिरे आणशील ते लगेच लावू नको. अंगणात रचून ठेव, हवा-ऊन लागू दे. कच्चा चिरा तिथेच कळतो, कोपरे हाताने झडायला लागतात.

तर ती पश्चिमेची भिंत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मला वाटलं, उघडे चिरे गावठी दिसतात, बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेऊ. सगळे करत होते. नैर्ऋत्येचा वारा आणि त्याच्याबरोबरचा पाऊस सगळा त्याच भिंतीवर आपटतो. दोन वर्षांत प्लास्टरला केसासारख्या चिरा पडल्या. पाणी त्या चिरांतून आत जायचं, पण परत बाहेर यायला वाट नाही. पूर्वी भिंत भिजायची आणि श्रावणातल्या उन्हात सुकायची. आता ती दसऱ्यापर्यंत ओली राहायला लागली. आतल्या कपाटातल्या माझ्या साड्यांना बुरशी आली. मी कपाट पुढे ओढलं, भिंतीला ऑइलपेंट दिला, त्याला फोड आले. वरून आणखी एक हात दिला. तीन वर्षं मी रोग्याला पावडर लावत बसले. शेवटी सगळं प्लास्टर छिन्नीने उडवलं, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवली आणि चुन्याने नुसत्या दरजा भरून घेतल्या. तेव्हापासून कपाट भिंतीला चिकटून आहे.

ओल दिसली की आधी रंगवाल्याला बोलवू नको. ती भिंतीतून येते की हवेतून ते बघ. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेव. प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला दव धरलं तर ती हवेतली ओल, खिडक्या उघड म्हणजे झालं. आतल्या अंगाला धरलं तर भिंत पाणी पितेय. मग बाहेर जाऊन बघ: माती जोत्याच्या वर चढलीय का, नळ ठिबकतोय का, पागोळ्यांचं पाणी खाली आपटून भिंतीवर उडतंय का. आपल्याकडे दहातल्या सात वेळा हेच शेवटचं निघतं. पागोळीच्या रेघेवर हातभर रुंद खडी पसर, उडणं थांबतं. पेव्हर ब्लॉकवर मात्र पाणी दुप्पट उडेल.

पांढरा खारा थर दिसला तर तो लोणा. रेती खाडीची होती, न धुता वापरली, हे त्याचं मूळ. यापुढे रेतीचा ट्रक आला की उतरवायच्या आधी मूठभर रेती भांड्यात पाण्यात घाल आणि ते पाणी जिभेला लावून बघ. खारट लागलं तर ट्रक परत. दुसरी मूठ काचेच्या बरणीत घाल, पाणी ओतून ढवळ आणि तासभर ठेव. रेती खाली बसेल, तिच्यावर मातीचा थर बसेल. तो बोटभर असला तरीही ट्रक परत. ड्रायव्हर कुरकुर करेल. त्याला चहा द्यायचा, रेती घ्यायची नाही.

गवंड्यांशी कसं वागायचं ते आता. पहिल्या दिवशी त्यांच्यादेखत ओळंबा हातात घेऊन एक भिंत बघ. दोऱ्याने काटकोन काढून दाखव: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि तिरकं बरोबर पाच भरलं की गुण्या लागला. तुला कळतं एवढं त्यांना कळलं की पुढचं भांडण निम्मं होतं. काम उक्तं द्यायचं की रोजावर, यावर माझा एक नियम आहे. जे काम पुढेही डोळ्यांना दिसणार आहे ते उक्तं द्यावं. रंग, फरशी, गडगा. जे झाकलं जाणार आहे ते रोजावर द्यावं आणि आपण तिथे खुर्ची टाकून बसावं. पाया, जमिनीतले पाइप, न्हाणीघराच्या फरशीखालचं काम. उक्त्यात माणूस घाई करतो, आणि झाकलेल्या घाईचा पत्ता पाच वर्षांनी लागतो. सिमेंट कालवताना जास्त पाणी ओतू देऊ नको. पातळ माल ओढायला सोपा म्हणून ते ओततात, पण त्याने काम कच्चं होतं. उलट, काम झाल्यावर पाणी मारायला मात्र कंटाळतात. सात दिवस तरी ते ओलं राहिलं पाहिजे, दहा दिवस राहिलं तर उत्तम. पाणी मारायचं काम मी कधी कुणावर सोपवलं नाही. पहाटे उठून मीच मारायचे.

यात एक गोष्ट मी तुझ्याकडून शिकले, ती कबूल करते. मागच्या वर्षी नळाचं काम झालं तेव्हा तू पाइप बुजवायच्या आधी शेजारी फूटपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढलेस. मला तेव्हा वाटलं, हिला सगळ्याचेच फोटो लागतात. परवा न्हाणीघरात आरशासाठी खिळा मारायचा होता, आणि तो फोटो बघितला म्हणून पाइप वाचला. तेव्हा विजेच्या नळ्या भिंतीत घालतील तेव्हाही तेच कर.

सल्ला मागायला जाशील तेव्हा वाडीत शंभर तोंडं उघडतील. प्रत्येकाने स्वतः जे केलं तेच बरोबर असतं. पैसे घातलेले असतात ना. म्हणून "मी काय करू" असं विचारायचंच नाही. "तुम्हाला परत करायचं झालं तर काय वेगळं कराल?" असं विचार. माणूस थोडा थांबतो आणि मग खरं बोलतो. खालच्या वाडीतल्या काकूंना मी असंच विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, संडासाची टाकी विहिरीच्या चढाला खणली, ती चूक. हे त्या एरवी मेल्या तरी बोलल्या नसत्या. आणि काम बघायचं ते नवं बघू नये. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. चार पावसाळे खाल्लेलं बघावं.

अंगणाचं आता. हजार चौरस फूट छपरावर, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे धरून, पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर झाले. हे सगळं आज अंगणात पडतं, निम्मंशिम्मं जिरतं, आणि आपल्या विहिरीला वैशाखात पाणी असतं. शेजारच्यांनी अंगण पुरतं सिमेंटचं केलं, आणि ते आता मेमध्ये कळशी घेऊन आपल्याकडे येतात. माझं म्हणणं असं की गाडी लावायला दोन पट्ट्या फरशी घाल, बाकी मातीच राहू दे. दिवाळीच्या सुमाराला पाऊस सरला की चोपून सारवून घ्यायचं. सारवण नको असेल तर बारीक खडी टाक. छपराचं पाणी पन्हळीतून विहिरीकडे न्यायचं असेल तर थेट सोडू नको. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ दे, त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. मग खडी, रेती आणि कोळसा भरलेल्या खड्ड्यातून मुरव.

विहीर उपसायला माणूस उतरवायचा झाला तर आधी कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर कुणीही उतरायचं नाही. न विझला तरी एकट्याला उतरवायचं नाही. कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच.

बागेबद्दल तू उगाच काळजी करतेस. इथे काठी रोवली तरी फुटते. फक्त जागा सोडायला शिक. दहा नारळ तू गडग्याला लागून दहा-दहा फुटांवर लावणार म्हणालीस. नारळाला पंचवीस फूट लागतात. रोप असताना ते अंतर वेड्यासारखं वाटतं, मधे केळी आणि अननस लाव, डोळ्यांना भरलेलं दिसेल. दाट लावलेले नारळ उजेडासाठी उंच पळतात आणि धरत नाहीत. तेव्हा दहाऐवजी चारच लाव. रोपं भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून आण, नाहीतर दापोलीच्या विद्यापीठातून. बुंधा जाड बघून घे, उंची बघू नको. घराच्या, वाटेच्या आणि विजेच्या तारेच्या वर येईल असा एकही नको. झाड लहान असताना गेंड्या भुंगा सुईत शिरतो. पान उलगडलं की कात्रीने कापल्यासारखं त्रिकोणी दिसतं, तेव्हा समजायचं आत आहे. तारेच्या आकड्याने ओढून काढायचा आणि कोवळ्या पानांच्या बेचक्यात रेती आणि निंबोळी पेंड मिसळून भरायची. तो वाढतो शेणखताच्या खड्ड्यात. खड्डा उकरला की पांढऱ्या जाड अळ्या दिसतील, त्या कोंबड्यांना घाल.

हापूसचं कलम लावशील तर जोड मातीच्या वर राहील असं लाव. जोडाच्या खालून फूट आली की नखाने खुडायची, नाहीतर पाच वर्षांनी रायवळ आंबा खाशील आणि नर्सरीवाल्याला शिव्या देशील. पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तरी काढून टाकायचा. जीवावर येतं, पण काढ.

हिरवळ नको. पाणी पिते, आणि तिच्यात फुरसं दिसत नाही. न्हाणीघराच्या पाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ लाव, साबणाचं पाणी त्यांना चालतं. फक्त ते संडास धुवायचं जळजळीत औषध त्या पाटात जाऊ देऊ नको. पातेरा जाळायचा नाही, झाडांच्या आळ्यात भरायचा. मांडवाला नाहीतर वेलाला बांबू तोडशील तो पंधरा-वीस दिवस पाण्यात बुडवून ठेव आणि मग सुकव, त्याला टोका लागत नाही. वाळवीला सुतार काजूच्या टरफलाचं तेल लावायला सांगेल. चांगलं असतं, पण अंगावर उडलं तर कातडी जाते. त्याला लावू दे, जावईबापूंना हौस नको.

घरावर झुकणाऱ्या फांद्या चैत्रातच उतरव. हे मी २०२० पर्यंत दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत होते. ३ जूनला दुपारी निसर्ग वादळ आलं तेव्हा मी माजघरात तुझ्या काकूबरोबर देवासमोर बसले होते. पोफळी काड्यांसारख्या मोडत होत्या, तो आवाज अजून कानात आहे. शेजारच्या गोठ्याचे पत्रे आमच्या विहिरीत येऊन पडले. आपल्या फणसाची फांदी, जी तोडायला मी पाच वर्षं टाळाटाळ केली, ती ओटीवर आली आणि पडवीचा कोपरा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कौलांसाठी सगळी दापोली फिरली, कुणाला मिळेनात. वीज कितीतरी दिवस नव्हती. आपलं घर आठव्या दिवशी झाकलं, ते केवळ आजीच्या सवयीमुळे. ती दर शाकारणीला पन्नास कौलं जास्तीची आणवायची आणि मी तिला चेष्टेने विचारायचे, दुकान काढायचंय का?

विजेचं दोन शब्दांत. मीटरजवळच्या स्विचवर टेस्ट लिहिलेलं बटण आहे ते महिन्यातून एकदा दाब. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर त्याच दिवशी वायरमन. मागच्या दारी अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घाल.

जास्तीची कौलं गोठ्यामागे चिऱ्यांवर रचून ठेवलीत. मागच्या वर्षी मोजली तेव्हा एकशेचाळीस होती, त्यानंतर वानरांनी सोळा फोडली. तू आलीस की परत मोज. पण हात घालायच्या आधी काठीने वरची ओळ हलव, आणि पायात बूट घाल. तिथे फुरसं असतं.